ताळ्याची तबकडी



आपल्यापैकीं ज्यांनीं जुन्या पेढीवरील हिशेबाच्या वह्या पाहिल्या असतील, त्यांना त्यांतलें पान आठवत असेल. रकमा एकीखालीं एक मांडलेल्या, तळाशीं बेरीज, आणि बेरजेचा ताळा पाहिल्याची बारीकशी खूण. समजा, पावसाळ्यांत छपरांतून पाणी गळलें आणि मधलीच एक रक्कम पुसून गेली. वहीचा धनी हातपाय गाळून बसत नाहीं. तो उरलेल्या रकमा मिळवतो, तें उत्तर तळच्या बेरजेंतून वजा करतो, आणि गेलेली रक्कम पुन्हा तिच्या जागीं लिहितो. त्या रकमेची दुसरी नक्कल त्यानें कोठेंहि ठेवलेली नव्हती. तरी ती परत आली. कारण तळाशीं एक आंकडा असा होता कीं, ज्यांत प्रत्येक रकमेचा अंश होता.

पण एकाऐवजीं दोन रकमा पुसल्या तर? किंवा रकमेबरोबर बेरीजहि धुवून गेली तर? मग वही मुकी होते.

आज मी ज्या इतिहासाविषयीं बोलणार आहें, तो या बेरजेचा आणि ती कोठें लिहावी या प्रश्नाचा आहे. बँकेंतील आपली शिल्लक, इस्पितळांतील एक्स-रे, आगगाडीचें आरक्षण, मुलाबाळांचीं छायाचित्रें, हें सारें आतां बहुधा कागदावर नसतें. कोठल्या तरी दूरच्या इमारतींत, आपल्या दृष्टीला कधींहि न पडणाऱ्या कपाटांत, चुंबकीय तबकड्यांवर तें लिहिलेलें असतें. अशा तबकड्या रोज कोठें ना कोठें बंद पडतात. आणि तरीहि आपली शिल्लक जागच्या जागीं असते. ती कां असते, हें समजण्यास गणित फारसें लागत नाहीं. मांडणी मात्र लागते.

तबकडी म्हटली म्हणजे डोळ्यांसमोर ग्रामोफोनची काळी तबकडी येते, आणि ही उपमा अगदींच चुकीची नाहीं. सुई उचलून हव्या त्या गाण्यावर ठेवतां येते, तशी मजकुराच्या ढिगांतली हवी ती नोंद थेट उचलतां यावी, हीच मूळ कल्पना. १९५६ सालच्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीनें ‘३०५ रॅमॅक’ हें यंत्र जाहीर केलें. कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथील प्रयोगशाळेंत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या देखरेखीखालीं तें घडलें होतें. तोंपर्यंत यंत्रांचा मजकूर छिद्रें पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यांत किंवा चुंबकीय फितीच्या रिळांवर असे, आणि फितीच्या मध्यावरची एक नोंद हवी असली तरी तेथपर्यंतची सगळी फीत उलगडावी लागे. रॅमॅकमध्यें २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका उभ्या दांड्यावर चढविलेल्या होत्या. त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत, आणि एक यांत्रिक हात वरखालीं सरकून हवी ती तबकडी गांठी. एवढ्या खटाटोपांतून, टनाहून अधिक वजनाच्या त्या धुडांत, ५० लक्ष अक्षरें मावत. भाडें महिना ३,२०० डॉलर. आज फोनवर सहज टिपलेलें एखादें छायाचित्रहि तेवढीच जागा खातें.

पुढें तबकड्या लहान झाल्या व बंद डब्यांत गेल्या. एका डबींत त्या अनेक असल्या तरी व्यवहारांत सबंध डबीलाच डिस्क म्हणतात, व मीहि तिला तबकडीच म्हणणार आहें. त्यांतील लिहिणारें-वाचणारें टोंक पृष्ठभागाला टेकत नाहीं. हवेच्या अतिशय पातळ थरावर तें तरंगत असतें. तें खालीं घासलें, कीं चुंबकीय लेप खरवडला जातो आणि त्यावरचें लिखाण संपतें. कधीं मोटर बसते, कधीं विजेचे भाग जळतात. अमुक तबकडी केव्हां मरेल हें कोणी सांगूं शकत नाहीं. ती मरणार, एवढेंच निश्चित.

यावर सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे नक्कल. एकच मजकूर दोन तबकड्यांवर लिहावा; एक गेली तर दुसरी आहेच. १९७६ सालीं टँडम नांवाच्या कंपनीनें कधींच बंद न पडणारा म्हणून जो संगणक विकावयास काढला, त्यांत तबकड्यांच्या अशा जोड्या होत्या. या पद्धतीला ‘आरसा’ म्हणतात. ती सोपी आहे, भरंवशाची आहे, आणि महाग आहे. कारण विकत घेतलेल्या जागेपैकीं निम्मी जागा केवळ भीतीपोटीं अडकून पडते. बँकांना हें परवडे. इतरांना बेरजेच्या युक्तीची वाट पाहावी लागली.

त्या युक्तीचें मूळ एका गणितज्ञाच्या संतापांत आहे. बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत रिचर्ड हॅमिंग यांना १९४७ च्या सुमारास तेथील गणकयंत्रावर शनिवार-रविवारीं काम करण्याची मुभा होती. चूक झाली हें त्या यंत्राला कळत असे. एरवीं माणसें येऊन ती दुरुस्त करीत. परंतु सुट्टीच्या दिवशीं कोणी नसे, म्हणून यंत्र हातांतलें काम टाकून पुढच्या कामास लागे. लागोपाठ दोन आठवडे सोमवारीं येऊन पाहावें, तों हॅमिंग यांचें काम अर्धवट टाकलेलें! चूक झाली हें ज्या यंत्राला समजतें, त्याला ती कोठें झाली हें कां समजूं नये, असें त्यांच्या मनानें घेतलें. मूळ आंकड्यांच्या सोबतीला वेगवेगळ्या गटांचे अनेक ताळे लिहिले, तर कोणते ताळे चुकले यावरून चुकीची नेमकी जागा काढतां येते, हें त्यांनीं दाखविलें. हा निबंध १९५० सालीं प्रसिद्ध झाला.

तबकडीच्या बाबतींत मात्र निम्मी अडचण आधींच सुटलेली असते. मेलेली तबकडी उत्तर देत नाहीं. कोणती गेली हें शोधावें लागत नाहीं. पुसलेली रक्कम डाग दाखवून ‘मी येथें होतें’ असें सांगते. चुकीची लिहिलेली रक्कम साळसूदपणें बसून राहते. जागा ठाऊक असली म्हणजे अनेक ताळ्यांची गरज उरत नाहीं, एकच पुरतो. आय. बी. एम. मधील नॉर्मन केन ऊची यांना १९७८ सालीं नेमक्या याच गोष्टीचें पेटंट मिळालें. परंतु पेटंटाच्या कागदांत निजलेली कल्पना आणि लोकांच्या तोंडीं रुळलेली कल्पना यांत अंतर असतें. हिला नांव मिळण्यास आणखी १० वर्षें लागलीं.

१९८८ सालीं शिकागो येथें भरलेल्या एका परिषदेंत बर्कले येथील विद्यापीठाचे डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ या तिघांनीं एक निबंध सादर केला. त्या वेळीं मोठ्या कचेऱ्यांत आय. बी. एम.ची ३३८० ही १४ इंची तबकड्यांची पेटी वापरीत. तिच्यांत ७,५०० मेगाबाइट मजकूर मावे व तिला ६,६०० वॅट वीज लागे. उलट घरगुती संगणकांसाठीं साडेतीन इंची तबकडी नुकतीच निघाली होती. ती १०० मेगाबाइटांची व अवघ्या १० वॅटची. म्हणजे ७५ लहान तबकड्या एकत्र केल्या कीं तेवढीच जागा, वीज मात्र आठव्या हिश्शाहून कमी. शिवाय ७५ टोंकें एकाच वेळीं वाचूं लागणार. मग मोठी पेटी घ्यावी कशाला?

कशाला, याचें उत्तर त्यांनीं स्वतःच दिलें. कारखानदारांच्या हिशेबानें एका तबकडीचें सरासरी आयुष्य ३०,००० तास, म्हणजे तीन वर्षांहून जास्त. पण १०० तबकड्या शेजारीं शेजारीं चालविल्या, तर त्यांतली पहिली सरासरी ३०० तासांत जाणार, साडेबारा दिवसांत! दर पंधरवड्याला ज्या वहीचें एक पान जळतें, ती वही कोणता सावकार ठेवील?

येथें ताळा कामास आला. दर १० तबकड्यांमागें एक जादा तबकडी ठेवावी व तिच्यावर त्या दहांची बेरीज लिहावी. यंत्राला शून्य आणि एक हे दोनच आंकडे ठाऊक असल्यामुळें ही बेरीज लहानपणींच्या ‘एकी कीं बेकी’ या खेळाइतकी सोपी आहे. दहाहि तबकड्यांच्या त्याच जागीं असलेले ‘एक’ मोजावे; ते विषम निघाले तर अकरावीवर एक लिहावा, सम निघाले तर शून्य. इंग्रजींत हिला पॅरिटी म्हणतात. आपला ‘ताळा’ हा शब्द मला जास्त बोलका वाटतो. दहांपैकीं कोणतीहि एक गेली, तरी उरलेल्यांची एकी-बेकी मोजून गेलेलीचें प्रत्येक अक्षर परत लिहितां येतें. एवढें केल्यावर ११० तबकड्यांच्या त्या समूहाचें आयुष्य ३०० तासांवरून ८,२०,००० तासांवर गेलें. नव्वद वर्षांहून अधिक!

स्वस्त तबकड्यांची जादा राखण असलेली रांग, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन या पद्धतीचें नांव ‘रेड’ पडलें. (पुढें विकणाऱ्यांना ‘स्वस्त’ हा शब्द अवघड वाटूं लागला असावा, त्याच अक्षरावरून आतां ‘स्वतंत्र’ म्हणतात.) निबंधांत तिच्या पांच पायऱ्या सांगितल्या होत्या, आणि पांचवी ती पहिलीपेक्षां वरचढ असा समज तेव्हांपासून पसरला. त्या पायऱ्या नव्हेत. निरनिराळ्या मांडण्या आहेत, आणि पहिली म्हणजे तीच जुनी आरशाची जोडी.

नव्वद वर्षांचा तो आंकडा मात्र दोन गृहीतांच्या खांद्यांवर उभा होता. पहिलें, मेलेली तबकडी एका तासांत बदलून भरली जाते. दुसरें, तबकड्या एकमेकींपासून स्वतंत्रपणें मरतात. दुसऱ्याच्या बाबतींत भूकंप व विजेचा झटका हे अपवाद त्या तिघांनीं स्वतःच नोंदले होते. कॅलिफोर्नियांत राहणाऱ्यांना भूकंप आठवणें साहजिकच आहे. पुढचा सर्व इतिहास हीं दोन गृहीतें कशीं ढासळलीं याचा आहे.

त्याआधीं एका कुरबुरीविषयीं सांगितलें पाहिजे. वहींतली एक रक्कम बदलावयाची तर तळची बेरीजहि बदलली पाहिजे. त्यासाठीं जुनी रक्कम वाचावी, जुनी बेरीज वाचावी, नवी रक्कम लिहावी, नवी बेरीज लिहावी. एका कामाच्या चार खेपा. शिवाय बेरजा सगळ्या एकाच तबकडीवर असल्या, तर दहांपैकीं कोणाचेंहि काम निघो, तिला उठावेंच लागतें. कचेरींत दहा खिडक्या आणि खजिनदार एकच, अशांतली गत. पांचव्या मांडणीनें यावर तोड काढली. पहिल्या ओळीचा ताळा शेवटच्या तबकडीवर, दुसऱ्या ओळीचा तिच्या अलीकडच्या तबकडीवर, असा तो फिरता ठेवावयाचा, म्हणजे ओझें सर्वांवर सारखें पडतें. बहुतेकांनीं हीच मांडणी उचलली.

१९९२ सालीं डेव्हिड हिट्झ, जेम्स लाउ व मायकेल माल्कम यांनीं नेटवर्क अप्लायन्स ही कंपनी काढली. तोंवर कचेऱ्यांत प्रत्येक मेजावरच्या संगणकाची वेगळी तबकडी ठेवण्यापेक्षां जाळ्यावरून सर्वांना पुरणारी एकच कोठी ठेवण्याची रीति पडूं लागली होती. अशी कोठी म्हणून चालणारें आटोपशीर यंत्र या तिघांनीं बनविलें. आणि गंमत म्हणजे, सगळ्यांनीं टाकून दिलेली एकाच ताळ्याच्या तबकडीची मांडणी त्यांनीं परत आणली. खजिनदाराच्या खिडकीवरची गर्दी त्यांनीं दुसऱ्याच बाजूनें मोडली. त्यांच्या यंत्रांत जुन्या मजकुरावर नवा मजकूर कधींच लिहीत नसत. ‘कोठेंहि लिहा’ असें त्या मांडणीचें नांवच होतें. कांहीं सेकंदांचें लिखाण, वीज गेली तरी न पुसणाऱ्या स्मरणकोशांत नोंदवून जमवावयाचें, आणि मग रिकाम्या जागीं ओळीच्या ओळी एकदम भरून टाकावयाच्या. सबंध ओळ नवी असली म्हणजे जुनी रक्कम व जुनी बेरीज वाचण्याचें कारणच राहत नाहीं; ताळा हातांतल्या आंकड्यांवरूनच निघतो.

या मांडणींत आणखी एक सोय होती. कोठी भरत आली व नवी तबकडी जोडावयाची झाली, तर ती आधीं शून्यांनीं भरावी. शून्य मिळविल्यानें बेरीज बदलत नाहीं. म्हणून कशालाहि हात न लावतां समूह अकराचा बाराचा होतो. ताळा फिरता असता, तर सगळा संसार पुन्हा मांडावा लागला असता. टाकलेल्या वस्तूचा असा उपयोग पाहिला कीं मला त्या त्रिकुटाचें कौतुक वाटतें.

आतां दुसऱ्या गृहीताकडे वळूं. तबकड्या स्वतंत्रपणें मरतात, हें कागदावर खरें असेल. पण कपाटांत त्या एका फळीवर बसतात, एका तारेंतून वीज घेतात, एकाच कारखान्यांतून एकाच आठवड्यांत निघालेल्या असतात, एकाच पंख्याची हवा खातात. फळीची वीज गेली तर तिच्यावरच्या साऱ्याच जातात. म्हणून जाणते लोक एका समूहांतील तबकड्या वेगवेगळ्या फळ्यांवर पसरतात, प्रत्येक फळीला दोन तारा व दोन वीजपुरवठे देतात, आणि कोणीं मेल्यास जागा घेण्यासाठीं एक कोरी तबकडी आधींच बसवून ठेवतात.

माणसाचा हात मात्र सर्व तबकड्यांना सामाईक असतो. मी एका कचेरींत नोकरीस असतांना (तिचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं) एका सायंकाळीं समूहांतील पांच क्रमांकाची तबकडी गेली. दुरुस्तीसाठीं आलेल्या गृहस्थांनीं एकापासून मोजून पांचवी खेंचून काढली. यंत्र शून्यापासून मोजीत होतें. त्यांच्या हातांत आली ती चार क्रमांकाची धडधाकट तबकडी. आणि ताळा एकच होता. त्या महिन्याचीं पगारपत्रकें आम्हीं तीन रात्रीं जागून कागदावरून पुन्हा भरलीं. त्या गृहस्थांना दोष देण्याचें माझ्या मनांत तेव्हांहि नव्हतें. दोन जणांनीं दोन ठिकाणांपासून मोजूं नये, हें आधीं कोणीं तरी पाहावयास हवें होतें.

पहिलें गृहीत अधिक शांतपणें ढासळलें. तबकडीची धारणशक्ति भराभर वाढली. तिचा वाचण्या-लिहिण्याचा वेग तेवढा वाढला नाहीं. आज २० टेराबाइटांची तबकडी सेकंदाला २५० मेगाबाइट या वेगानें अखंड भरली, तरी २२ तास लागतात, आणि तेवढ्या वेळांत कोठीचें रोजचें कामहि चालू असतें. एका तासाच्या जागीं दिवस, दीड दिवस. या सबंध काळांत वही बेरजेवांचून उघडी असते. शिवाय गेलेली तबकडी पुन्हा उभी करण्यासाठीं उरलेल्यांचें प्रत्येक अक्षर वाचावें लागतें. आणि ज्या कोपऱ्याकडे दोन वर्षांत कोणी पाहिलें नव्हतें, तो नासलेला आहे हें नेमकें त्याच वेळीं उघडकीस येतें. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत १५ लाख ३० हजार तबकड्यांवर ३२ महिने नजर ठेवण्यांत आली, त्यांपैकीं ३.४५ टक्के तबकड्यांवर असे लपलेले डाग सांपडले. म्हणून आतां कोठ्या अधूनमधून सगळा मजकूर स्वतःच वाचून ताळा पडताळीत असतात.

तेवढेंहि पुरेसें नव्हे, असें ठरल्यावर दुसरी बेरीज आली. २००४ सालीं पीटर कॉर्बेट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नेटवर्क अप्लायन्समध्यें शोधलेली रीति मांडली. रकमांचा तक्ता डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक उभा रकाना म्हणजे एक तबकडी. आडव्या बेरजा पहिल्या ताळ्याच्या तबकडीवर आहेतच. आतां तक्त्यांतून तिरप्या रेषांनींहि बेरजा घ्या व त्या दुसऱ्या तबकडीवर लिहा. दोन तबकड्या गेल्या कीं प्रत्येक ओळींत दोन रकमा कमी होतात व आडवी बेरीज थिजते. पण प्रत्येक तिरपी रेषा एखादी तबकडी वगळून जाते. त्यामुळें एक रेषा अशी मिळतेच कीं जींत एकच रक्कम गेलेली आहे. ती भरा. मग त्या ओळींत एकच उणी उरते, ती आडव्या बेरजेनें भरा. त्यासरशी दुसरी तिरपी रेषा मोकळी होते. असें आडवें-तिरपें विणीत सगळा तक्ता भरून येतो. यांत एकी-बेकीपलीकडचें गणित कोठेंच नाहीं.

तीन वर्षांनीं गृहीतांची झडती घेतली, ती १९८८ च्या तिघांपैकींच एकानें. गार्थ गिब्सन तेव्हां कार्नेगी मेलन विद्यापीठांत होते. बियांका श्रोडर यांच्याबरोबर त्यांनीं सुमारें १ लाख तबकड्यांच्या प्रत्यक्ष नोंदी तपासल्या. कारखानदारांच्या पत्रकांवरून वर्षाला जास्तींत जास्त ०.८८ टक्के तबकड्या जावयास हव्या होत्या. प्रत्यक्षांत २ ते ४ टक्के बदलाव्या लागत, आणि कांहीं ठिकाणीं १३ टक्क्यांपर्यंत. त्याहून महत्त्वाचें असें कीं, एक तबकडी गेल्यावर थोड्याच काळांत दुसरी जाण्याचा संभव, स्वतंत्र मरणाच्या हिशेबानें यावा त्यापेक्षां बराच अधिक निघाला. आपल्याच १९ वर्षांपूर्वींच्या गृहीतावर अशी रेघ ओढणारीं माणसें विरळा असतात.

मरण लवकर निस्तरावें कसें, याचें एक उत्तर तबकड्यांशीं कांहींएक संबंध नसलेल्या ठिकाणाहून आलें. १९९२ सालीं मार्क हॉलंड व हेच गिब्सन यांनीं असें सुचविलें कीं, समूह ठराविक तबकड्यांचे बांधूंच नयेत. उदाहरणार्थ, सात तबकड्या घ्या व ताळा तीन-तीनांचा ठेवा. दोन मजकुराच्या, एक बेरजेची. पण तिकडीं अशा निवडा: १-२-४, २-३-५, ३-४-६, ४-५-७, ५-६-१, ६-७-२, ७-१-३. यांत कोणत्याहि दोन तबकड्या नेमक्या एकदांच सोबत येतात. कागदावर ताडून पाहा. आतां पहिली गेली. ती ज्या तीन तिकडींत होती, त्यांत उरलेल्या सहाजणी एकेकदांच आलेल्या आहेत. म्हणजे दोघींच्या मानेवर सगळा भार पडत नाहीं. सहाजणींपैकीं प्रत्येकीला आपला तिसरा हिस्साच वाचावा लागतो. तेराव्याचें काम भाऊबंदांनीं वांटून घ्यावें, तसें.

या तिकडी शेतांतून आल्या आहेत. पिकांच्या अनेक जातींची तुलना करावयाची तर जमीन सगळीकडे सारखी नसते, आणि एका वाफ्यांत सगळ्या जाती मावत नाहींत. मग कोणत्याहि दोन जाती सारख्याच वेळां एका वाफ्यांत भेटतील अशी वांटणी कशी करावी, हा प्रश्न इंग्लंडांत फ्रँक येट्स यांनीं १९३६ सालीं मांडला. १९३९ सालीं कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधील राज चंद्र बोस यांनीं अशा मांडण्या रचण्याच्या पद्धति दाखवून तें शास्त्र पायावर उभें केलें. बोस पुढें अमेरिकेंत उत्तर कॅरोलायना येथें गेले. तेथें त्यांच्या हाताखालीं डॉक्टरेट मिळविणाऱ्यांत नागपुरास शिकलेले शरदचंद्र श्रीखंडे होते, जे मागाहून मुंबई विद्यापीठांत गणित विभागाचे प्रमुख झाले. याच मांडण्यांवर त्यांचेंहि काम आहे. हे सर्व लोक धान्याच्या जाती आणि आंकड्यांचे चौरस यांचा विचार करीत होते; आपल्या तिकडी एके दिवशीं तबकड्यांवर जाऊन बसतील, हें त्यांच्या गांवींहि नव्हतें.

आज पुष्कळ कोठ्यांत फिरणारी तबकडी जाऊन स्थिर चिपा आल्या आहेत. ताळा मात्र गेलेला नाहीं. तो उलट कपाटाबाहेर पडला. २०१४ सालीं फेसबुकच्या अभियंत्यांनीं आपल्या जुन्या छायाचित्रांच्या कोठीचें वर्णन प्रसिद्ध केलें. तींत दहा भागांमागें चार ताळे असत व ते वेगवेगळ्या कपाटांत ठेवीत. शिवाय एका केंद्रांतील भाग, दुसऱ्या केंद्रांतील त्याचा जोडीदार, आणि त्या दोघांची बेरीज तिसऱ्याच केंद्रांत. एक अख्खी इमारत नाहींशी झाली, तरी उरलेल्या दोहोंवरून तिच्यांतला मजकूर परत लिहितां यावा, अशी ती व्यवस्था होती. तळची बेरीज वहीच्या त्याच पानावर न लिहितां दुसऱ्या गांवच्या पेढीवर लिहून ठेवावी, तसें हें झालें.

असें न केल्यास काय होतें, हें दक्षिण कोरियांत दिसलें. देजॉन शहरांतील सरकारी माहितीकेंद्रांत २६ सप्टेंबर २०२५ रोजीं पांचव्या मजल्यावर आग लागली. विजेच्या खंडांत उपयोगी पडाव्या म्हणून ठेवलेल्या लिथियमच्या बॅटऱ्या हलवितांना ती भडकली. म्हणजे राखणीसाठीं आणलेल्या वस्तूनेंच घात केला. सरकारी नोकरांनीं आपले कागद ज्यांत ठेवावे म्हणून २०१८ पासून चालविलेली ‘जी-ड्राइव्ह’ नांवाची कोठी तींत जळाली. तिच्यांत ८५८ टेराबाइट मजकूर होता, आणि त्याची प्रत त्या केंद्राबाहेर कोठेंहि नव्हती. आगीपुढें तबकडी आणि ताळा सारखेच.

सर्वांत जास्त नुकसान एका मंत्रालयाचें झालें. आपल्या नोकरांनीं कामाचे कागद मेजावरच्या संगणकांत न ठेवतां याच कोठींत ठेवावेत असा तेथें दंडक होता, आणि त्यांनीं तो पाळला होता. तेथील अधिकारी नंतर आपापल्या संगणकांत चुकून राहिलेल्या फायली, जुन्या पत्रव्यवहारांतील जोडपत्रें आणि कपाटांतले छापील कागद धुंडाळीत बसले.